शेठच्या हातची गिटार

प्रिय अण्णा,

आज सूड घेतला. अलिबागहून रिक्षाने घरी आले, चहा टाकला, आणि सांगावं असं तुमच्याशिवाय कुणी नाही म्हणून लिहायला बसले. तुम्हाला आवडणार नाही, ठाऊक आहे. तरी ऐका. तुम्ही गेल्यापासून दातओठ खात दिवस काढलेत मी.

रेवदंड्यात तुमचा धंदा कुणाला धड कळला का हो कधी? मुंबईच्या दुकानातून मिलिंदशेठ कोऱ्या करकरीत इलेक्ट्रिक गिटारी पाठवायचा आणि तुम्ही त्यांना म्हाताऱ्या करायचात. चाळीस वर्षं कुणीतरी जीव तोडून वाजवल्यासारख्या. शौकिनांना तशाच हव्या असतात म्हणे! प्लास्टिकमध्ये गुंडाळून मासळीच्या बर्फाच्या पेटीत ठेवायचात, मग एकदम अंगणातल्या उन्हात. वरच्या चकचकीत लॅकरच्या थराला बारीक बारीक तडे जायचे. स्क्रू गंजायला शेजारच्या पारूमावशीच्या वलांडीवर, तिच्या सुकत्या बोंबलांशेजारी टांगायचात. ती म्हणायची, "नवी वस्तू म्हातारी करायचे पैशे देतान? असा गिऱ्हाईक मना न्हाय गावला कधी."

पण घासायला घेण्याआधी तुम्ही दोन दिवस गिटारकडे नुसते बघत बसायचात. "आधी माणूस ठरव," मला सांगायचात. हा उभा राहून वाजवतो की बसून? कमरेचं बक्कल मागे कुठे घासतं? हात कुठे टेकतो, घाम किती येतो? एका गिटारसाठी तुम्ही करंगळीत अंगठी घालणारा माणूस ठरवलात आणि आठवडाभर जेवतानाही त्याच्याबद्दलच बोलत होतात. आई शेवटी म्हणाली, त्यालाही ताट वाढू का?

आणि सगळं झालं की, गिटारची मान अंगाला जोडतात त्या खाचेत, जिथे कुणाची नजर जात नाही, तिथे पेन्सिलीने बारीक 'दत्ताराम' लिहायचात. एवढीच तुमची हौस.

तीही शेठला बघवली नाही. कुणा गिऱ्हाइकाने मान उघडली आणि हे दत्ताराम कोण म्हणून विचारलं. शेठचा फोन आला, तयार गिटारींवरचं नाव काढून टाका. तुम्हाला तेव्हा दम लागायचा. तुम्ही पॉलिश पेपर माझ्या हातात दिलात. का दिलात, अण्णा? आणि मी तरी का घेतला? चार गिटारींवरचं तुमचं नाव मी घासलं. तुम्ही खिडकीतून खाडीकडे बघत होतात. आवाज तर येतच होता ना तुम्हाला? रागावला असतात तर बरं झालं असतं.

तेराव्याला शेठ आला. जेवला. शेवटची गिटार पडवीत अर्धवट होती, ती तू पुरी कर म्हणाला, त्याच्या अलिबागच्या बंगल्यावर मोठे वादक येणार आहेत. मी मान डोलावली. मग तो अंगणात जाऊन फोनवर बोलू लागला. मी तिथेच भांडी उचलत होते, पण भांडी उचलणाऱ्या बाईला कान नसतात असं त्याला वाटत असावं. "छे छे, काम कशाला थांबेल?" तो म्हणाला. "पॉलिशवाला गेलाय फक्त. घडवतो मीच."

त्या क्षणी माझा माणूस ठरला.

दोन दिवस बघत बसले, तुमच्यासारखीच. हजार गिटारी हातात धरलेला, पण एकही न वाजवलेला माणूस. तो गिटार कशी धरतो? एक हात गिटारच्या डोक्याशी, खुंट्यांजवळ, एक खालच्या कडेला, गिऱ्हाइकापुढे करायला. मी तेवढ्याच दोन जागा घासल्या, लाकूड उघडं पडेपर्यंत. बाकी तडे, पिवळटपणा, गंज सगळं तुमच्या हातचं वाटावं असं. पण तारांखालच्या पट्ट्या कोऱ्या. हात टेकतो तिथे रंग जसाच्या तसा. मागे बक्कलाचा एक ओरखडा नाही. शेठने येऊन पाहिली आणि वा म्हणाला! त्याला काय कळणार होतं?

आज बंगल्यावर मला शेवटच्या खुर्चीवर बसवलं होतं. ही आमच्या पॉलिशवाल्याची मुलगी, अशी ओळख. शेठने गिटार उंच धरली, बरोबर त्याच दोन जागी, आणि चाळीस वर्षांच्या वाजवण्याची खूण न् खूण आपण स्वतःच्या हातांनी उतरवल्याचं सांगितलं. मग ती एका पांढऱ्या केसांच्या वादकाच्या मांडीवर ठेवली. त्यांनी ती उलटी केली, सुलटी केली, पट्ट्यांवरून अंगठा फिरवला.

"ही कुणी वाजवलेली नाही," ते म्हणाले. "नुसती धरून दाखवलीय. तुमच्याच हातची ना?"

"पूर्णपणे," शेठ म्हणाला.

"दिसतंय."

आधी एकजण हसला, मग सगळे. शेठ मानेपर्यंत लाल झाला. व्हरांड्यात मला गाठून म्हणाला, "कुणाला डोळ्यांसमोर ठेवून केलीस ही?"

मी म्हटलं, "तुम्हाला."

वाईट वाटलं का, विचाराल. नाही वाटलं. येताना रिक्षात एकटीच हसत होते. ती गिटार आता त्याच्या दुकानात पडून राहू दे. कधी मान उघडलीच, तर खाचेत तुमचं नाव आहे. या वेळी पेन्सिलीने नाही, खिळ्याने कोरलंय.

आता एक वचन देते. पडवीत माझी स्वतःची एक कोरी गिटार आहे. तिच्यासाठी माणूस ठरलाय. दुपारी जेवून स्टुलावर बसणारा, एकच धून वाजवणारा, तीही दर वेळी त्याच जागी चुकणारा. ओळखलंत ना स्वतःला? त्या चुकीच्या जागेवरची पट्टी मी सगळ्यात जास्त झिजवणार आहे. तुमचं नाव खाचेत लपवणार नाही, समोर लिहीन, दुरून वाचता येईल असं. आणि ते घासायला पॉलिश पेपर कुणीही पुढे करो, अण्णा, अगदी तुम्ही स्वप्नात येऊन केलात तरी, मी हात पुढे करणार नाही.

तुमची,
शुभांगी