दोरी दोसानने कापली

११ मार्च २०१४
अल्माटीहून परत. आमच्या अकबोताच्या अंगात वाढीचं हार्मोन कमी पडतंय. रोज झोपताना एक इंजेक्शन, बरीच वर्षं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आत्ता पाचव्या वर्षी सुरू करा, मोठेपणी चारचौघींएवढी होईल. उशीर केला तर गेलेली उंची परत येत नाही.
बाई हुशार आहेत. पण खरं कारण मला ठाऊक आहे. पोर पहिली पावलं टाकू लागली तेव्हा रीतीप्रमाणे तिच्या पायांत बांधलेली काळी-पांढरी दोरी दोसानमामाने कापली. कापणाऱ्याचा गुण लेकराला लागतो. दोसान खुर्चीत बसला की पाय लोंबकळतात. मेहुणा आहे म्हणून गप्प बसलो, चुकलंच.
इंजेक्शनं सोमवारपासून. मीच देणार.

१७ मार्च, सोमवार
इंजेक्शनं फ्रिजमध्ये. नवरोज तोंडावर, सणासुदीला पोरीला कशाला रडवा? सण झाला की नक्की.

१ सप्टेंबर २०१५
शाळेचा पहिला दिवस. अकबोता रांगेत सगळ्यांत पुढे. फोटो झकास आला. बायको, गुलबार्शिन, फोटो बघून रडली. बायकांना आनंदही रडूनच होतो.

८ मे २०१६
आज पक्का इलाज. व्हॉलीबॉलवाल्या येर्केबुलानला बोलावलं, दारातून वाकून आत येतो. त्याच्या हातून दोरी पुन्हा कापवली. पोर म्हणाली, पप्पा, मला चालता येतं हो! सगळे हसले. ती नाही.
दोसान म्हणाला, दाजी, माझ्या मुलीची दोरीही मीच कापली होती, ती माझ्याहून वीतभर उंच आहे. उद्धट माणूस.
पाहुणे गेल्यावर गुलबार्शिन कडाडली. म्हणाली, उंटावरचा शहाणा! सुई तुला टोचायची नाहीये. उद्या मी देते.
देऊ दे. मी देणारच होतो.

२० जून
अकबोता फार टापटिपीची झालीय. रोज झोपायच्या वेळी म्हणते, पप्पा, कचरा टाकून या ना. परत येईतो इंजेक्शन झालेलं असतं. योगायोग.

१५ मे २०१७
अल्माटी. वाढतेय, छान वाढतेय. पण बाई म्हणाल्या, मधली दोन वर्षं भरून निघतीलच असं नाही. इतका उशीर का? मी घसा खाकरला. हिवाळा, रस्ते, आमच्याकडच्या रीती... अकबोता मध्येच म्हणाली, पप्पांना सुईची भीती वाटते. म्हणून मी त्यांना कचरा टाकायला पाठवते.
बाई हसल्या नाहीत. लेकीची उंची मी खाल्ली, दोसानने नाही.
काल कचऱ्याची पिशवी रिकामीच होती. तरी मी ती घेऊन खाली गेलो होतो.