तीन अक्षरी, आडवा शब्द

प्रिय सृष्टी,

पत्र बघून घाबरू नकोस. फोनवरच सांगितलं असतं, पण फोन बाहेरच्या खोलीत आणि तुझे बाबा त्याला चिकटून. माझी शाळा चौथीपर्यंत, तेव्हा अक्षर लागेल तसं लाव.

तुमच्या त्या रविवारच्या कोड्याने मला वीट आणलाय. तू अमेरिकेत कम्प्युटरवर पेपर उघडणार, हे इथे खडकीत पेन्सिल घेऊन बसणार, आणि फोनवर तुमची शर्यत. या रविवारी बाबा जिंकले म्हणून केवढी हसलीस. त्यांचं डोकं अजून तल्लख आहे, आता इथल्या नोकरीची आणखी दोन वर्षांची सही करते बिनघोर, असं वर मलाच ऐकवलंस. मी पोळी करपवली.

आता ऐक. त्या दिवशी सकाळी अल्लाबक्षभाई मागच्या दाराने आले. फॅक्टरीत ते आणि तुझे बाबा एका मशीनवर होते, पण हा माणूस कधी मागच्या दाराने आलेला नाही. हातात आपलाच पेपर. हळूच म्हणाले, "वहिनी, हळूहळू अशक्त होत जाणे, तीन अक्षरी. सृष्टीचा फोन यायच्या आत श्यामच्या हातात द्यायचंय." मग कबूलच केलं, दिवाळीपासून सगळं कोडं भाईच सोडवतात, बाबा तुला नुसतं वाचून दाखवतात. मला कळू द्यायचं नाही अशी शपथ घातलेली. एवढी घोडी झालेली माणसं आणि कॉपी करतात. मी तुझ्या बाबांना डॉक्टरकडे चला म्हटलं की हेच कोडं माझ्या नाकासमोर नाचवायचे, मला काय झालंय म्हणून.

मी आधी झिजणे म्हटलं. भाई म्हणाले, पहिलं अक्षर खं आलंय. मी कणीक मळत होते. समोर बाहेरच्या खोलीत तुझे बाबा शर्टाची बटणं लावत बसलेले, केव्हाचे लावत होते. मग शब्द सुचला. खंगणे. भाईंनी खाली मान घालून लिहिला. थोड्या वेळाने तोच तुझ्या बाबांनी तुला ऐटीत सांगितला आणि तू वाहवा केलीस.

आता तुझ्या सहीचं. रोज संध्याकाळी हे छत्री घेऊन बाहेर पडतात. मला वाटे, फिरायला. त्याच रविवारी अंधार पडला तरी येईनात म्हणून शोधत गेले, तर बसस्टॉपवर उभे. तू खराडीच्या ऑफिसात होतीस तेव्हा तुला आणायला जायचे, त्याच. खराडीकडून येणाऱ्या प्रत्येक बसमध्ये वाकून बघत होते. मला म्हणाले, "सृष्टीला आज ऑफिसातून सोडलं नाही वाटतं." सकाळीच तुझ्याशी बोललेले. ओरडायचं सोडून मी शेजारी उभी राहिले आणि आणखी एक बस जाऊ दिली. सही करायची तर कर, पण आधी एकदा ये. आणि टॅक्सी करून थेट दारात येऊ नकोस. खराडीकडून येणारी संध्याकाळची बस पकड, त्या स्टॉपवर उतर.

तुझीच, वैतागलेली,
आई