पाणी रांगेत बसत नाही

॥ श्री ॥
मुलुंड, १२ जुलै २०२५

ती. सुगंधाताईस,
जयवंताचा सा. न. वि. वि.

तुझ्या फोनवर फोटो उघडत नाहीत, आणि उघडले तरी तू बघत नाहीस, म्हणून याही खेपेला छापूनच पाठवतोय. निवृत्त माणसाला काहीतरी उद्योग हवा असं तूच म्हणाली होतीस, आता भोग! निधीने मोबाइलला चिमट्यासारखं लावायचं भिंग दिल्यापासून स्वयंपाकघराच्या खिडकीतला वालाचा वेल हेच माझं जंगल झालंय. नाकाला रुमाल बांधायचा, कोपर ग्रिलवर टेकायचं आणि श्वास धरायचा, नाहीतर भिंगावर वाफ बसते. या पावसात तर ते सारखं धुरकटतं. निधीचं म्हणणं, भिंग स्वच्छ आहे, डोळे दाखवा. मी तिला सांगितलं, दिवाळीनंतर बघू. मुंग्या आणि थेंब एका पानावर चारच महिने भेटतात.

सोबतचा फोटो यंदाचा सगळ्यात झकास आहे. पानाखाली लोंबणारे थेंब, मोजून चौदा. सोसायटीच्या गणपतीत हाच लावणार.

कोकमं पाठवशील तेव्हा पुडीत थोडा लोभही बांध.
तुझा,
जयवंत

॥ श्री ॥
कुडाळ, २१ जुलै

चि. जयवंत यास अनेक आशीर्वाद.

फोटो मिळाला. शेजारच्या मालनला दाखवला, दोघी पोट धरून हसलो. ती गेल्यावर मात्र मी तो घेऊन बराच वेळ पडवीत बसले.

अरे, ते थेंब नाहीत, अंडी आहेत. घाण वास सोडणारा हिरवा किडा असतो ना, त्याची. परसातल्या वालावरची मी रोज चिरडते. सात-सातच्या दोन ओळी, प्रत्येकाला वर टोपण. पाणी कधी असं रांगेत बसतं का? आणि फोटोत सगळं लख्ख दिसतंय, म्हणजे भिंगाला काही झालेलं नाही. मोबाइलला दिसलं ते तुला दिसलं नाही.

तू भिंगाला दोष देतोस, बाबा दिव्याला द्यायचे. गिरणीतला उजेड कमी झालाय म्हणायचे, तुटका धागा बोटांनी चाचपून जोडायचे आणि घरात कुणाला कळू द्यायचे नाहीत. कळलं तोवर काचबिंदूने सगळं नेलं होतं. शेवटची सात वर्षं त्यांना हाताला धरून अंगणात मी फिरवलं, तू मुंबईत होतास. तुला फिरवायला आता माझे गुडघे उरलेले नाहीत. मला भीती वाटते रे.

आधी अंडी चिरड, मग डॉक्टरकडे जा. वाटल्यास उलट कर, पण जा.

तुझ्यावर रागावलेली आणि तुझीच,
ताई

मुलुंड, ५ ऑगस्ट

ती. आत्यास,
निधीचा सा. न.

तुझं पत्र आलं. बाबा दोन दिवस फोटो हातात घेऊन, खिडकीपाशी नेऊन, डोळा बारीक करून बघत होते. तिसऱ्या दिवशी मलाच म्हणाले, रिक्षा बोलव.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. ते धुरकट दिसणं त्याचंच होतं. पण तपासताना काचबिंदूही सापडला, आजोबांसारखाच. डाव्या डोळ्याच्या कडेची नजर गेली ती गेली, परत येणार नाही. राहिली आहे ती औषधाने टिकवता येईल, असं डॉक्टर म्हणाले. दिवाळीपर्यंत थांबला असतात तर मी हे सांगू शकलो नसतो, हेही म्हणाले. बाहेर आल्यावर बाबा जिन्यात बसून रडले. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं गं. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या सोमवारी आहे.

मी वर्षभर कानी-कपाळी ओरडत होते, त्यांनी ऐकलं तुझं! असू दे.

तुझ्या आशीर्वादाची या घरात सगळ्यात मोठी गिऱ्हाईक,
निधी

॥ श्री ॥
मुलुंड, ७ सप्टेंबर

ती. ताईस,
जयवंताचा सा. न. वि. वि.

काल विसर्जन झालं. तो फोटो मांडवात लावला होता. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं: ‘हे थेंब नव्हेत, अंडी आहेत. ओळखणारी: सुगंधाताई, कुडाळ.’ लोक तुझी चौकशी करत होते. मी सांगितलं, ती फोनवरही भेटत नाही.

उजव्या डोळ्याने आता छान दिसतं. डाव्याची पाळी पुढच्या महिन्यात. काचबिंदूचं औषध निधी घड्याळ लावून घालते. ते जन्मभराचं आहे, पण मी कुरकुर करत नाही. बाबा हे सगळं एकटेच बाळगून होते, हे मला या वयात कळलं. त्यांच्या त्या सात वर्षांत मी तुझ्या मदतीला आलो नाही, त्याची मला लाज वाटते.

अंडी मी चिरडली नाहीत, तू कितीही ओरड. आज त्याच वेलावर नवी सापडली, त्यांचाच फोटो सोबत आहे. मागे नेहमीप्रमाणे आकडा लिहिलाय: अंडी बारा आणि शेवटच्या ओळीच्या टोकाला एक थेंब, खराखुरा. मला तरी तसं दिसतं. तू एकदा मोजून बघ आणि लगेच कळव.

तुझ्या नजरेखाली राहू इच्छिणारा,
जयवंत