दारावरचा झरोका

बाबा, आज दुपारी एसी बसवणारा माणूस स्टुलावर चढला आणि दारावरच्या झरोक्याकडे बघत म्हणाला, "ताई, हे प्लायवूडनं बंद करून टाकू का? नाहीतर सगळी थंडी हवा वरून निघून जाईन." प्रश्न साधाच होता, आणि माझं तर कामच ते. कारखान्यांच्या बॅटरी रूममध्ये हवा कुठून घ्यायची आणि कुठून बाहेर सोडायची, याचे नकाशे मी करते. थंड हवा वाया जाते म्हणून वरची जाळी बंद करा, असं मालक लोक म्हणतात, तेव्हा मी चटकन नाही म्हणते. चार्जिंग चालू असलं की बॅटरीतून हलका गॅस निघतो, छताशी साठतो आणि मग एक ठिणगी पुरते, हे मी कॉलेजात जायच्या आधीच तुमच्याकडून शिकले होते. पण घरात कुठला आलाय गॅस? तरी हो म्हणायच्या ऐवजी मी मान वर करून झरोक्याकडे बघितलं.

खापरखेड्याच्या वीज केंद्राच्या क्वार्टरमध्येही गॅस नव्हता. तुम्ही मात्र बॅटरी रूममधली ड्यूटी संपवून आलात की आधी मान वर करून झरोका उघडा आहे ना ते बघायचात, मग चपला काढायचात. मे महिन्यात सगळी कॉलनी दारं-खिडक्या लावून वाळ्याच्या ताट्यांमागे बसायची, आणि आपल्याकडे वरून झळा यायच्या, भिजवलेल्या कणकेवर राख पडायची. आई चिडून म्हणायची, "घर हाय का बॅटरी रूम? राख खाऊन राहिलो आपण." तुम्ही खाली बघून जेवत राहायचात. एकदा मी काठीनं झडप लावली, तर "कोठडीत राहाचं हाय का तुले?" एवढंच म्हणालात आणि मग कितीतरी दिवस माझ्याशी बोलला नाहीत. फार राग यायचा मला तुमचा. थोडा अजूनही येतो.

मग तो शेवटचा उन्हाळा. तुम्ही खाटेवर, श्वास पुरत नाही, आणि मला जवळ बोलावून म्हणता, "लाव वं तो झरोका. तुह्या मायले लय गरम होते." मी लावला. आई पाण्याचा गडवा घेऊन आली, तिनं वर बघितलं आणि काठी घेऊन झडप पुन्हा उघडली. मी म्हटलं, "माय, त्याहिनंच लावाले सांगतलं." ती म्हणाली, "सांगू दे. त्याहिले उघडं लागते." तुम्ही डोळे मिटून पडला होतात. ऐकलंत का ते? तिची तगमग तुम्हाला एवढी दिसत होती, तर आधी काहून नाही लावला? आणि तिला तुमचं कळत होतं, तर ती इतकी वर्षं भांडली कशाला? मी कितीदा विचार केला, पण मला तुमचं दोघांचंही काही समजलेलं नाही.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून सांगून टाकते. त्या माणसाला मी शेवटी म्हटलं, "राहू द्या भाऊ, आमच्या बाबाले उघडं लागते." तो बेतानं खाली उतरला, त्यानं आतल्या खोलीकडे बघितलं आणि हळू आवाजात विचारलं, "झोपले का ते?"

मी हो म्हटलं.