कोड नऊ

देवपूर, धुळे

४ जानेवारी १९८८, पहाटे ४.१०
आजपासून रोज चारला उठून पीएच.डी. विषय : 'धुळे तालुक्यातील प्रौढ स्त्रियांच्या साक्षर होण्यामागील प्रेरणा'. जूनमध्ये प्रबंध सादर. बी.एड. कॉलेजात माझ्याशिवाय इतकं मूलभूत काम कोणी करत नाही. नावाची पाटी रंगवायला टाकली. पुढे 'डॉ.'पुरती जागा सोडायला सांगितली.

४.२५
थंडी फार. उद्यापासून.

११ जानेवारी
प्रश्नावली तयार. फॉर्म नं. १ घरातच भरला. सौ. द्रौपदा, वय ४१, शिक्षण नाही. प्रश्न १४ : 'साक्षर का व्हावेसे वाटते?' पर्याय आठ दिलेत. ती म्हणाली, "कमलनं पत्र माले वाचनं शे." कमल म्हणजे आमची पोरगी, बोदवडला दिलेली. हा पर्यायच नाही. आर्थिक विकास, आरोग्य, सामाजिक दर्जा, यातलं एक काहीतरी सांग म्हटलं. नाही म्हणजे नाही. हट्टी बाई. कोड ९, 'इतर'.
वर मलाच म्हणते, "तुम्हीच शिकाडा ना माले." सोमवारपासून नक्की.

२ फेब्रुवारी
कमलचं इनलँड आलं. मी तक्त्यांत बुडालेलो. सुरुवात 'आम्ही सर्व खुशाल', शेवट 'आईला नमस्कार'. मध्ये नेहमीचं असणार. सौ.ला सांगितलं, खुशाल आहे. तर म्हणते, "मंग इतलं कसाले लिखं तिनी?" न शिकलेल्या माणसाला शंका फार. पत्र स्टॅटिस्टिक्सच्या पुस्तकात खूण म्हणून घातलं.

१९ फेब्रुवारी
सौ.चं शिकवणं अजून सुरू नाही. आधी शास्त्रशुद्ध पाठयोजना हवी. तोवर ती शेजारच्या भिकुबाईंकडे जाते. त्या अंगणवाडीत आहेत, दुपारी आळीतल्या बायकांना पाटीवर अक्षरं गिरवायला लावतात. पद्धत जुनाट. पूर्वचाचणी नाही, मूल्यमापन नाही. असो, बिचारीचा वेळ जातो.

८ मार्च
एसटीने जळगाव. गाइड डॉ. भंगाळे यांनी तक्ता क्रमांक सात पाहिला. ३०० बायकांपैकी १४१ कोड नऊमध्ये. चष्मा काढून विचारलं, या 'इतर'मध्ये एवढं आहे तरी काय? मी म्हटलं, किरकोळ. म्हणाले, निम्म्या बायका किरकोळ बोलतात? एकदा उघडून वाचा.
गाइड लोकांना खुसपट काढल्याशिवाय जेवण जात नाही. १४१ फॉर्म वाचायचे म्हणजे महिना गेला. त्यापेक्षा 'इतर'चं नाव 'संकीर्ण' करतो.

२५ मार्च
कमलचं दुसरं पत्र. खुशाल, नमस्कार. सौ.ने आज उलट काही विचारलं नाही. पत्र हातात धरून नुसती बसली होती. समज वाढली म्हणायची. मग मी ते घेतलं. प्रकरण तीनला खूण नव्हती.

९ एप्रिल, संध्याकाळ
कॉलेजातून आलो तर ती जमिनीवर बसलेली. पुढ्यात स्टॅटिस्टिक्सचं पुस्तक, दोन्ही पत्रं उघडी. बोट ठेवून एकेक अक्षर मोठ्याने वाचत होती. मी दारातच थांबलो.
मधलं नेहमीचं नव्हतं. सहावा लागला आहे. पायांवर सूज आहे. डोळ्यांपुढे अंधारी येते. सासूबाई म्हणतात नाटकं करते, दवाखान्यात कोणी नेत नाही. आई, मला घ्यायला ये. दुसऱ्या पत्रात : आता तोंडावरही सूज आहे. आई, तू का आली नाहीस?
तिने वर पाहिलं. रडली नाही. एवढंच म्हणाली, "तुमले त वाचता येस ना?"
मी म्हटलं, सोमवारी दोघं जाऊ. पेपर तपासून होऊ देत.

१० एप्रिल, सकाळी ७.३०
जाग आली तर ती नाही. भिकुबाई म्हणाल्या, चारलाच उठली, पहिल्या एसटीने जळगावला गेली, तिथून पॅसेंजरने बोदवड. चुलीजवळ पाटी ठेवलेली. वर लिहिलंय : भाकर टोपलामा शे.

१५ एप्रिल
काही कळलं नाही. घरात शांतता आहे. प्रकरण चारसाठी उत्तम. एक ओळ झाली नाही.

१९ एप्रिल, दुपार
सौ.चं पोस्टकार्ड. पेन्सिलीने, मोठाली अक्षरं. 'कमल बरी शे. बाळ गयं. मी आठेच शे.' म्हणजे तिथेच, बोदवडला.
पूर्ण वाचलं. चारदा वाचलं. सुरुवातीला 'खुशाल' नाही, शेवटी नमस्कार नाही. सगळं मधलंच. पोरीने दोनदा बोलावलं आणि मी खुणा घातल्या. खूप रडलो.
मग तक्ता सातचा गठ्ठा सोडला. वरच फॉर्म नं. १. त्याखालचे सगळे माझ्याच अक्षरातले. पोरीचं पत्र वाचायचं. मुलगा मिल्ट्रीत आहे, त्याचं पत्र. पत्र. एसटीची पाटी. पत्र. वाचून दाखवणारे अर्धंच सांगतात म्हणून. पत्र. पत्र.
सत्तावन्न झाले. पुढचे वाचवेनात.
उद्या बोदवडला जातो. पहिली एसटी पावणेपाचला आहे. चारला उठायला हवं.