बावीस सेकंद आणि आमच्या ह्यांचं नाव

१७ एप्रिल, गुरुवार. मच्छे.
आजपासून रोजनिशी. मी सांगणार, नात सौम्या लिहिणार. पुस्तकी लिहू का म्हणाली. म्हटलं, माझ्या तोंडाला शोभंल तेवढंच पुस्तकी लिही. वाचायला कुणाला द्यायची न्हाय.
पहिला निश्चय: त्या क्लिपचा विषय आजपासून बंद.

१८ एप्रिल, शुक्रवार
बंद करायच्या आधी खरं काय ते एकदा लिहून ठेवलेलं बरं. साल २०११. पुतण्याचं लग्न. पंगतीत बायका म्हणाल्या, आक्का, नाव घे. उभी राहिले. 'केळीच्या पानाखाली गोड घास झाकू, घरधनी माझे...' आणि थांबले. परत 'घरधनी माझे...' मग ह्यांच्याकडं वळून विचारलं, अवो, तुमचं नाव काय वो? ह्यांच्या तोंडात अख्खा लाडू. हे नुसते डोळे फिरवतायत. बावीस सेकंद. कुणीतरी मोबाईलवर धरलं, आणि गेलं गावोगाव.
मी विसरले न्हवते. चाळीस वर्षं 'अवो' म्हणत संसार केला. नवऱ्याचं नाव काय जिभेवर ठेवायची वस्तू हाय व्हय?

२० एप्रिल, रविवार
चौदा वर्षं सुटका न्हाय. बसस्टँडवर, दवाखान्यात, हळदीकुंकवात, सगळीकडं तेच. आक्का, नाव काय वो? खानापूरच्या एका पोराच्या फोनची रिंगटोनच मी. भर भजनात वाजली. बावीस सेकंदांच्या खोलीत मला बसवून कुणी भाईरनं कडी लावून गेलंय. मागच्याच खेपेला बाजारात एकीनं वळखलं. मागची खेप म्हणजे सहा वर्षं झाली असतील.
११ मेला नातवाचं, स्वरूपचं लग्न. निपाणीत. हजार माणूस. सगळी मागं लागणार. ठरलं. ताठ नकार द्यायचा. हात जोडून म्हणायचं, झालं ते झालं, आता म्हातारीला सोडा. आरशासमोर तीनदा करून बघितलं. नकार मला लई शोभतो.
सून माधवी म्हणाली, आत्या, लग्नात माईकला हात लावायचा न्हाय, पाहुणे नवे हायत. म्हटलं, मला काय हौस हाय?

२४ एप्रिल, गुरुवार
तसे ते दिवस मजेचे हुते, कबूल. निपाणीत जिनेंद्रच्या दुकानात मेमरी कार्ड भरून मिळायचं. त्याच्या कॉम्प्युटरात 'कॉमेडी' म्हणून एक फोल्डर. त्यात मी, मोपेडवर पुढं उभं राहून जाणारं कोकरू, आणि तंबाखूच्या पोत्यांवर नागीण नाचता नाचता पडलेला एक गडी. फोल्डरात शेजारीच की आम्ही तिघं. फोनाला फोन चिकटवून ब्लूटूथ करायचे, कुणी हलवला तर शिव्या द्यायचे. एवढी कळ काढून माणसं मला घरी न्यायची. आता अंगठा वर सरकवला की माणूस गेलं.
नागीणवाला गेल्या साली वारला म्हणं. कोकरू तर कधीच. फोल्डरात मी एकटीच.
आणि सगळ्यात फेमस कोण? तर आमचे हे. नाव विसरलेल्या बायकोचा नवरा म्हणून निपाणीभर फुकट चहा.

२९ एप्रिल, मंगळवार
नुसती चौकशी म्हणून सौम्याला क्लिप शोधायला लावली. सापडली. चित्र फुटून सगळं चौकोन चौकोन. माझं तोंड भिजलेल्या भाकरीगत. खाली लोकांनी लिहिलेलं वाचून दाखव म्हटलं. शेवटचं चार वर्षांमागचं: २०२१ मध्ये कोण कोण बघतंय? त्याला उत्तर एक न्हाय.
वाईट वाटलं, त्या बिचाऱ्याचं. सौम्याला म्हटलं, लिही त्याला: मी.
दिवसभरात चारदा विचारलं, काय आलं काय? आपलं सहज.

५ मे, सोमवार
नवा विचार. नुसता नकार दिला तर लोक म्हणतील, म्हातारीला अजून येत न्हाय. आधी नकार. मग लईच धरलं तर एकदाच अख्खं नाव घ्यायचं. म्हणजे जुनी क्लिप मेली, मी मोकळी.
तुळशीसमोर दहादा म्हटलं. आलं. कुकरसमोर म्हटलं. आलं. तयारी पक्की.

८ मे, गुरुवार
माधवीनं ऐकलं. म्हणाली, आत्या, त्याचं आता कशाला टेन्शन घेताय? कुणाच्या ध्यानात हाय ते?
पोरगी गुणाची. मला धीर द्यायला म्हणाली.

११ मे, रविवार. निपाणी.
११.००. हॉलच्या दारातच खुर्ची टाकली. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावं म्हणून. म्हणजे वारा लागावा म्हणून.
१२.४०. अक्षता पडल्या. अजून कुणी काही बोललं न्हाय. लाजत असतील.
१.३०. एका पोरीनं फोन वर केला. मी लगेच हात जोडले. म्हणाली, आजी, जरा बाजूला सरका की, मागं कारंजं हाय.
२.१५. नावं घेणं सुरू. नवरीनं घेतलं. विहीणबाईनं घेतलं. माईक माझ्या नाकासमोरनं दोनदा गेला.
२.२०. नकार द्यायचा, पण कुणाला?
२.२५. मीच उठले आणि माईक घेतला. माधवीनं डोळे वटारले. म्हटलं, थांब गं. 'केळीच्या पानाखाली गोड घास झाकू, घरधनी माझे' आणि अडखळले न्हाय. घेतलं नाव. सौम्या, इथं तूच लिही, मी परत म्हणत न्हाय. (भावकू.)
टाळ्या पडल्या, चार-पाच. एक बाई म्हणाली, छान हो आजी, आणि हातातला माईक काढून फुडं दिला. चौदा वर्षांत पहिल्यांदा बरोबर म्हटलं, तर एक फोन वर न्हाय. बरोबर म्हणणाऱ्या बायका काय, प्रत्येक हॉलात असत्यात.

१२ मे, सोमवार. सकाळी.
सुटले एकदाची. कसं हलकं वाटतंय. रात्री डोळ्याला डोळा न्हाय, ते हलकं वाटण्यामुळंच.
चहाला हे म्हणाले, काल घेतलंस म्हणं माझं नाव. मी आईस्क्रीमच्या लायनीत हुतो, ऐकायचं ऱ्हायलं. आता घे की.
म्हटलं, त्यात काय एवढं. कप खाली ठेवला. पदर नीट केला. सौम्या फोनात बघत बसलेली, तिनं मानसुद्धा वर केली न्हाय. हे मातर मान फुडं काढून बसले, शाळेत हजेरीला बसल्यागत.
'घरधनी माझे...'
'घरधनी माझे...'
शेवटी म्हटलं, अवो, चहा गार हुतोय तुमचा.