सासूबाईंनी ताट उचललं

जळगाव जामोद, मंगळवार, जानेवारी १९६४

अजून हसू येतंय. आम्ही दोघं एकाच शाळेत शिकवतो. तिथे मधल्या सुट्टीत कडाकडा वाद घालतो, पण घरी सासूबाईंसमोर एकमेकांशी बोलायचं नाही, ही इथली रीत. मी भाजीचं पातेलं घेऊन शेजारीच उभी असते, तरी हे म्हणतात, "आई, भाजी वाढाले सांग तिले." लग्नापासून असंच.

आज सासूबाईंनी ताट उचललं. "तुमचे निरोप देता देता माह्यी भाकर थंडी होते. मी चालली ओसरीत."

आम्ही दोघंच उरलो. शेवटी हे हळूच म्हणाले, "भाजीत तिखट लय कमी असते."

"पहिल्या दिवशी तुम्हाला ठसका लागला, म्हणून मी कमी घालते. मलाही तिखटच आवडतं."

"तो भाजीनं नव्हता लागला. तू एवढ्या जवळ येऊन वाढत होती, म्हणून लागला."

मी तशीच जवळ सरकून भाजी वाढली.

ओसरीतून सासूबाई म्हणाल्या, "मलेही तिखटच लागते बाई. पण मले कोण इचारते?"